तराजूचा काटा : कोसंबी पितापुत्रांचे वाचन

अध्यात्म आणि विज्ञान ह्यांचा समन्वय साधणाऱ्या ग्रंथांचा तोटा आपल्याकडे कधीच नव्हता. अलीकडे तर त्यांची रेलचेलच झाली आहे. बहुतेकांची मांडणी ठरावीक असते. आरंभी विज्ञानाची स्तुती, मग त्याच्या मर्यादांवर बोट, नंतर आज विज्ञानाने जे शोधले ते आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते असे आश्वासन, आणि शेवटी 'संतुलित जीवना'साठी पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिनक्रम. असे ग्रंथ आम्ही पुष्कळ वाचले आणि त्यांतील कित्येकांच्या लेखकांचा सद्‌हेतूही आम्हांस मान्य आहे. तथापि, आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर, ह्या ग्रंथांत वादी आणि प्रतिवादी ह्यांची तडजोड कोर्टाबाहेरच होऊन जाते. साक्षीपुरावा असा नोंदलाच जात नाही. तडजोड ही वाईट गोष्ट आहे असे नव्हे. परंतु दोन्ही पक्षांचे म्हणणे पुरते मांडले जाण्यापूर्वी झालेली तडजोड टिकत नाही, हा कोणत्याही वकिलाचा अनुभव आहे.

मग ह्या विषयावर वाचावे काय? आमचे उत्तर ऐकून वाचकांस कदाचित नवल वाटेल. आम्ही त्यांस धर्मानंद कोसंबी आणि त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी ह्यांचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचण्यास सांगू. एक पाली पंडित, दुसरा गणितज्ञ. एक बौद्ध उपासक, दुसरा मार्क्सवादी. ह्या दोघांपैकी कोणीही समन्वयाची भाषा केली नाही. तरीही श्रद्धा, प्रमाण आणि जगण्यातील तोल ह्या तिन्ही प्रश्नांशी ह्या एकाच घरात दोन पिढ्या जी झटापट झाली, तिच्याइतकी प्रामाणिक झटापट आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळली आहे.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. घरची भाषा कोकणी, लिहिण्याची मराठी, आणि अभ्यासाची पुढे पाली. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या खेड्यात शिक्षणाची सोय अशी नव्हतीच. नारळीच्या बागेची राखण करीत करीत जे हाती पडेल ते त्यांनी वाचले. 'बालबोधमेवा' ह्या मुलांच्या मासिकातील बुद्धावरच्या एका लेखाने त्यांच्या मनाचा जो ठाव घेतला तो कायमचा. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, काशी असा त्यांचा प्रवास झाला. पुढे नेपाळ, बुद्धगया आणि सिंहलद्वीप. १९०२ साली सिंहलद्वीपात ते श्रामणेर झाले. ह्या साऱ्याची हकीकत त्यांच्या 'निवेदन' ह्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आहे.

'निवेदना'चे पहिले वैशिष्ट्य असे की आध्यात्मिक शोधाची ही कहाणी असूनही तीत एकही चमत्कार नाही. गुरूने मस्तकी हात ठेवला आणि प्रकाश पडला, असे येथे काही घडत नाही. येथे घडते ते असे : पैसे संपतात, प्रकृती बिघडते, अन्नछत्रात जेवावे लागते, संस्कृत व्याकरण पाठ करावे लागते. ज्या मनुष्याचे ध्येय इतके उंच, त्याच्या लेखणीला दैनंदिन तपशिलाची इतकी काळजी का असावी, असा प्रश्न प्रथम वाचनी पडतो. पुढे पुढे ध्यानी येते की हा तपशील म्हणजेच लेखकाची साक्ष आहे. अंतःकरणातील अनुभवाला बाहेरचा साक्षीदार नसतो. तेव्हा सांगणाऱ्याचा शब्द विश्वासार्ह आहे की नाही, हे त्याने लहानसहान गोष्टी कशा सांगितल्या ह्यावरूनच पारखावे लागते. उलटतपासणीचे तत्त्व तरी दुसरे काय असते?

ह्याच पुस्तकात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या वेतनाची हकीकत आहे. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एखादे पुस्तक लिहून द्यावे, एवढ्याच अटीवर तीन वर्षे दरमहा ५० रुपये! कलकत्त्यातील अधिक वेतनाचे काम सोडून धर्मानंदांनी हे पत्करले, कारण आपल्या लोकांत राहून आपल्या भाषेत बौद्ध विचार सांगण्याची मोकळीक त्यांना हवी होती. आपल्या गरजा किती आणि आपले काम कोणते, ह्यांचा हिशेब ज्याने आधी मांडून ठेवला आहे, त्यालाच असा निर्णय घेता येतो. संतुलित जीवनावरील डझनभर प्रकरणांतून जे हाती लागत नाही ते ह्या एका प्रसंगातून लागते.

आता 'भगवान बुद्ध'. हा ग्रंथ १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि साहित्य अकादमीच्या द्वारे अनेक भारतीय भाषांत गेला. ह्यात धर्मानंद उपासक म्हणून बोलत नाहीत, तर पुराव्याची छाननी करणाऱ्या न्यायाधीशासारखे बोलतात. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि तो घर सोडून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती ऐतिहासिक नव्हे, असे धर्मानंद निःशंकपणे सांगतात. एकोणतीस वर्षांच्या मनुष्याने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे मुळात संभवनीय नाही. तिच्या जागी ते सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्त पुढे करतात. तेथे गृहत्यागाचे कारण म्हणून शस्त्र धारण केलेल्या माणसांचे परस्परांतील वैर येते. आटत्या पाण्यातील माशांसारखी तडफडणारी माणसे पाहून भय वाटल्याचा उल्लेख येतो. ह्याला शाक्य आणि कोलिय ह्यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याची जोड देऊन धर्मानंद गृहत्यागाचा सामाजिक अर्थ लावतात. स्वतःच्या जरामरणाच्या भीतीने निघालेला राजपुत्र आणि माणसामाणसांतील हिंसेने उद्विग्न होऊन निघालेला तरुण, ह्या दोन प्रतिमांतील अंतर फार मोठे आहे; आणि दुसरी प्रतिमा मराठी वाचकासमोर ठेवण्याचे श्रेय धर्मानंदांकडे जाते.

परंतु प्रशंसेबरोबरच एक आक्षेप नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. सुत्तात रोहिणीचे नाव नाही. नदीच्या तंट्याची कथा येते ती पुढील काळच्या अट्ठकथांत, आणि तेथेही हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा असून तो बुद्ध मिटवितात असे वर्णन आहे. म्हणजे जुना पुरावा एका गोष्टीपुरता आणि नवा पुरावा दुसऱ्या गोष्टीपुरता घेऊन त्यांची सांधणी केली आहे. ही सांधणी संभवनीय असेल. ती सिद्ध नव्हे. शिवाय 'चमत्कार जेथे नाही तो मजकूर जुना, आणि जो मजकूर जुना त्यात चमत्कार नाही' अशा वर्तुळात त्यांचा युक्तिवाद कधी कधी अडकतो. विवेकनिष्ठ मनुष्याला विवेकनिष्ठ बुद्धच अधिक खरा वाटणार, ही मानवी गोष्ट आहे. परंतु आपल्याला जो साक्षीदार आवडतो त्याचीच उलटतपासणी अधिक कठोरपणे करावी, हा नियम येथे शिथिल झाला आहे.

असे असूनही ग्रंथाचे मोल आमच्या दृष्टीने उणावत नाही. कारण धर्मानंदांनी ज्याच्यावर निष्ठा ठेवली त्याच्याच चरित्रावर हा प्रयोग केला. दुसऱ्याच्या दैवताची चिकित्सा करणे सोपे असते. बुद्ध आणि प्राचीन जैन श्रमण ह्यांच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे पुरावे मांडले त्यांवरून जैन समाजात मोठा क्षोभ झाला. पण त्या प्रकरणात ते बुद्धालाही सूट देत नाहीत, हे विसरता कामा नये. आपल्या श्रद्धेला जी सवलत द्यावयाची नाही ती इतरांच्या श्रद्धेलाही द्यावयाची नाही, हा समतोल फार थोड्यांस साधतो.

धर्मानंदांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे विद्याकार्य म्हणजे बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'चे संपादन. वॉरन ह्या अमेरिकन पंडिताने अपुरे सोडलेले हे काम करण्यासाठी १९१० पासून ते वेळोवेळी हार्वर्डला गेले. त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस निघाली. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर, बाहेर आली. सामान्य मराठी वाचकासाठी त्यांनी 'समाधिमार्ग' हे छोटे पुस्तक १९२५ मध्ये लिहिले.

संतुलनाविषयी आम्हांस जे काही शिकावयास मिळाले ते ह्या परंपरेतील एका विवेचनातून. बुद्धघोष म्हणतो की साधकाच्या ठायी श्रद्धा, वीर्य, स्मृति, समाधि आणि प्रज्ञा ही पाच इंद्रिये असतात, आणि त्यांचा समतोल राखावा लागतो. ह्यांतील श्रद्धा आणि प्रज्ञा ही एक जोडी, वीर्य आणि समाधि ही दुसरी. श्रद्धा वाढली आणि प्रज्ञा दुबळी राहिली तर मनुष्य नको तेथे विश्वास ठेवतो. प्रज्ञा वाढली आणि श्रद्धा दुबळी राहिली तर तो धूर्त बनतो; आणि औषधानेच झालेल्या रोगाप्रमाणे त्याचा हा दोष बरा करणे कठीण असते. वीर्य अधिक झाले तर चित्त चंचल होते, समाधि अधिक झाली तर आळस येतो. स्मृति मात्र, म्हणजे सावधपणा, सर्वत्र हवा, जेवणातील मिठासारखा. तसेच ध्यानाचे चाळीस विषय सांगून, रागप्रधान, द्वेषप्रधान, मोहप्रधान अशा सहा स्वभावांपैकी कोणास कोणता विषय मानवेल, ह्याची वैद्याच्या काळजीने वाटणी केली आहे.

ह्या विवेचनाचा आजच्या 'संतुलित जीवना'शी ताडून पाहिला असता भेद चटकन उमगतो. आजचा अर्थ असा की थोडे काम, थोडे ध्यान, थोडा व्यायाम, थोडे मनोरंजन; ताटात सगळे पदार्थ थोडे थोडे वाढावेत तसे. बुद्धघोषाला अभिप्रेत असलेला तोल हा परस्परांना आवरणाऱ्या शक्तींचा तोल आहे. तेथे प्रज्ञा कमी करून श्रद्धेशी जुळवावयाची नसते. जी दुबळी आहे ती वाढवावयाची असते. आणि कोणती दुबळी आहे हे प्रत्येकाने आपल्यापुरते शोधावयाचे असल्यामुळे सर्वांना लागू पडणारा दिनक्रम त्यात संभवतच नाही. सोण नावाच्या भिक्षूची वीणेची कथा प्रसिद्ध आहे. तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. परंतु सर्व वीणा एकाच सुरात लावाव्यात असे त्या कथेत कोठेही सांगितलेले नाही.

आता पुत्राकडे वळू. दामोदर कोसंबींचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला आणि शिक्षण बरेचसे वडिलांच्या मागोमाग अमेरिकेत. १९२९ साली ते हार्वर्डचे पदवीधर झाले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात आणि १९४५ ते १९६२ पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. आनुवंशिकीत गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. पण आम्हांसारख्या अगणितज्ञ वाचकाला त्यांच्या विज्ञाननिष्ठेचे सुंदर दर्शन घडते ते त्यांच्या नाणेशास्त्रात.

प्राचीन आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे हे ठरवावयाचे कसे? दामोदरांनी नाजूक तराजू घेतला आणि हजारो नाणी एकेक करून तोलली. हातोहात फिरणारे नाणे झिजते. एका नाण्याची झीज काहीच सांगत नाही. परंतु एका छापाची पुष्कळ नाणी तोलली तर जो गट अधिक काळ चलनात होता त्याचे सरासरी वजन घटलेले आढळते आणि वजनांतील विषमताही वाढलेली दिसते. ही पद्धत बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चालू नाणीही तोलून पाहिली. पूर्वजांच्या वैभवाविषयी त्या नाण्यांवरून काय सिद्ध व्हावे ह्याची इच्छा त्या तराजूत कोठेच नव्हती. 'प्राचीन ज्ञान आणि आधुनिक विज्ञान' ह्या शब्दांना काही अर्थ द्यावयाचा असेल तर तो आम्ही येथे देऊ.

ह्याच गणितज्ञाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ साली काढली. त्यापूर्वी, १९४१ साली, भर्तृहरीच्या वैराग्याचा दर्जा कोणता ह्यावर त्यांनी एक निबंध लिहिला होता. त्याचा आशय असा की हे वैराग्य शब्दांतले आहे. आपल्या विद्येला योग्य स्थान न मिळालेल्या बुद्धिजीवी मनुष्याची निराशा त्यात बोलते आहे. निबंध मर्मभेदक आहे. पण तो वाचताना हे कोण लिहीत आहे ह्याचा विसर पडत नाही. ज्याने वैराग्य शब्दांत न ठेवता खरोखर आचरले, अशा पुरुषाचा हा मुलगा! घरात खरे नाणे पाहिलेले असल्यामुळेच बाजारातील खोटे नाणे त्यास इतक्या सहज ओळखता आले असावे, असे आम्हांस वाटते.

१९६२ सालच्या 'मिथ अँड रिॲलिटी' ह्या निबंधसंग्रहात गीतेच्या सामाजिक आणि आर्थिक बाजूंवर एक निबंध आहे आणि गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावकरीसंस्थेवरही एक आहे. गोमंतकीय वाचकाने हा दुसरा अवश्य वाचावा. आपल्या पायाखालच्या शेतजमिनीचा इतिहास किती खोल आहे ते त्यावरून कळते. गीतेवरील निबंधाचा रोख असा की परस्परविरोधी मते एकत्र बसविण्याच्या सामर्थ्यामुळेच हा ग्रंथ निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हेतूंच्या माणसांना उपयोगी पडला, आणि भक्तीचा सिद्धान्त सरंजामी समाजाला मानवणारा होता.

येथे आमचा पुत्राशीही मतभेद आहे. एखादी कल्पना कोणत्या समाजात जन्मली आणि कोणाच्या सोयीची ठरली, हे दाखविल्याने ती खरी की खोटी ह्याचा निकाल लागत नाही. दस्तऐवज कोणी लिहून घेतला हे महत्त्वाचे असते. पण त्यातील मजकूर काय आहे, हा मुद्दा वेगळा काढावाच लागतो. शोकग्रस्त मनुष्य गीता उघडतो तेव्हा त्याला तीत काय सापडते, ह्या प्रश्नाचे उत्तर सरंजामशाहीच्या इतिहासात मिळणार नाही. दामोदरांच्या तराजूत पुष्कळ गोष्टी तोलता येतात, सगळ्या येत नाहीत. मात्र एवढे सांगितले पाहिजे की मार्क्सच्या अनुयायांतही जे पोथीनिष्ठ होते त्यांची त्यांनी तितकीच कठोर संभावना केली. वडिलांनी बुद्धाला सूट दिली नाही. मुलाने मार्क्सच्या भाष्यकारांना दिली नाही.

हे सर्व गुणगान झाल्यावर एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९९ साली धर्मानंद निघाले तेव्हा मागे तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी होती. 'निवेदना'त ते ही गोष्ट लपवीत नाहीत. पुढे ते परतले आणि संसारही झाला, हे खरे. पण मधल्या वर्षांत ज्या स्त्रीने घर सांभाळले तिचे निवेदन कोणी लिहिले नाही. बुद्धाच्या काळापासून ही एक बाजू खटल्यात पक्षकार म्हणून जोडलीच जात नाही. कोणाच्याही संतुलित जीवनाची वाखाणणी करण्यापूर्वी त्याच्या तोलाचा भार कोणी उचलला हे विचारण्याची सवय आम्ही वाचकांनी लावून घेतली पाहिजे.

आणि दुसरा प्रश्न त्यांच्या अंताचा. आयुष्याच्या उत्तरार्धात धर्मानंदांना पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माची ओढ लागली. त्या विषयावरील त्यांचे पुस्तक १९४९ साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झाले. देह जर्जर झाला, आता तो इतरांच्या सेवेला उपयोगी नाही, असे वाटून त्यांनी अन्नत्याग आरंभिला. गांधीजींच्या सांगण्यावरून तो एकदा थांबविला. आणि शेवटी सेवाग्राम येथे जून १९४७ मध्ये उपोषणाने देह ठेवला. ज्या बुद्धाने कठोर उपोषण निष्फळ म्हणून सोडले आणि मध्यम मार्ग सांगितला, त्याच्या उपासकाचा असा अंत मध्यम मार्गात बसतो काय?

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न आजही मिटलेला नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये जैनांचे संथारा व्रत आत्महत्येच्या कलमाखाली येते असे ठरविले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. दरम्यान, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम पूर्वीच्या स्वरूपात राहिलेले नाही. पण कलमे बदलली म्हणून नैतिक प्रश्न सुटत नाही. आमचे मत सांगावयाचे तर, धर्मानंदांच्या निश्चयातील शांतीबद्दल आम्हांस आदर आहे. त्यामागील 'उपयोग नाही' ह्या कारणाशी आम्ही सहमत नाही. मनुष्याचे मोल त्याच्या उपयुक्ततेवर ठरू लागले, की प्रथम वृद्ध आणि मग दुर्बळ तराजूत हलके ठरतात. ज्यांनी आयुष्यभर मैत्री आणि करुणा ह्यांचा अर्थ सांगितला, त्यांच्या करुणेच्या कक्षेत त्यांचा स्वतःचा थकलेला देहही यावयास हवा होता. धर्मानंदांचे ग्रंथच आम्हांस असे म्हणण्याचा अधिकार देतात. कारण आपल्या पूज्य पुरुषाचे वर्तनही पुराव्याने आणि विवेकाने पारखावे, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो.

म्हणून आमची शिफारस अशी. प्रथम 'निवेदन' वाचावे, मग 'भगवान बुद्ध', मग 'समाधिमार्ग'. त्यानंतर दामोदरांचे नाण्यांवरील आणि गावकरीवरील निबंध. हे वाचून झाल्यावर समन्वयाचा एखादा नवा ग्रंथ हाती आला तर त्यास तीन प्रश्न विचारावेत. लेखकाने आपल्या आवडत्या साक्षीदाराची उलटतपासणी केली आहे काय? आपल्या सिद्धान्ताला प्रतिकूल ठरेल असे एखादे तरी वजन त्याने तराजूत घातले आहे काय? आणि त्याच्या तोलाचा खर्च कोणी सोसला हे तो सांगतो काय? ह्या तीन प्रश्नांना उभा राहील तो ग्रंथ कोणत्याही पंथाचा असो, कपाटात ठेवण्याजोगा आहे. कोसंबी पितापुत्रही तिसऱ्या प्रश्नापाशी अडखळतात, पण पहिल्या दोहोंना ते बहुतांशी उभे राहतात. आणि जेथे राहत नाहीत ती जागा त्यांच्याच पद्धतीने आपणांस दाखविता येते.